दहा नंबरच्या डब्यातलं धान्य : मॉर्मन चर्चच्या ‘होम स्टोरेज सेंटर’चं परीक्षण

उन्हाळा लागला की महाराष्ट्रात अजूनही पुष्कळ घरांत वर्षाचं धान्य भरतात. गहू उन्हात तापवायचे, चाळायचे, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरायचे. तांदळाला बोरिक पावडर किंवा एरंडेल लावायचं, डाळींना उन्हं दाखवायची. ही सवय अंगात असलेल्या माणसाला अमेरिकेतली ‘होम स्टोरेज सेंटर’ म्हणजे घरसाठा केंद्रं परकी वाटणार नाहीत. ही केंद्रं ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ चालवतं. लोक त्याला मॉर्मन चर्च म्हणतात. चर्चला स्वतःला हे नाव नको आहे, पण ओळख पटावी म्हणून इथे तेच वापरलं आहे.

केंद्रं अमेरिका आणि कॅनडात आहेत. खरेदीला सभासदत्वाची अट नाही, कोणीही जाऊन घेऊ शकतं. अमेरिकेत चर्चच्या ऑनलाइन दुकानातूनही काही पदार्थ खोक्यांनी मागवता येतात. केंद्रं बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर चालतात, त्यामुळे अनेक ठिकाणी ती आठवड्यातले मोजके दिवस आणि मोजके तासच उघडी असतात. वेळ पाहूनच निघावं. पूर्वी इथे यंत्रावर बसून डबे स्वतः भरून, स्वतः सील करून नेता येत. आता बहुतेक ठिकाणी भरलेला मालच मिळतो. काटकसरी माणसाला ही सोय गेल्याची हळहळ वाटेल, पण कारखान्यात भरलेल्या डब्याचं सील घरच्यापेक्षा भरवशाचं असतं, हेही खरं.

डब्याच्या आधी त्यामागचा इतिहास पाहायला हवा, कारण मालाची निवड त्यातूनच आली आहे. 1838 साली मिसूरीच्या गव्हर्नरनं या समाजाला राज्याबाहेर हाकलण्याचा आदेश काढला. 1846 साली इलिनॉयमधलं नॉवू शहर सोडावं लागलं आणि 1847च्या जुलैत पहिली तुकडी आजच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली. 1876 साली चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांनी गहू साठवण्याचं काम एमेलिन वेल्स यांच्याकडे सोपवलं आणि ‘रिलीफ सोसायटी’ या स्त्रियांच्या संघटनेनं ते उचललं. त्या गव्हाचं पीठ 1906च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोला गेलं. 1918 साली, पहिल्या महायुद्धात, दोन लाखांहून अधिक बुशेल, म्हणजे साडेपाच हजार टनांच्या आसपास गहू त्यांनी अमेरिकन सरकारला विकला. मधल्या काळात, 1887 साली, बहुपत्नीत्वाच्या वादात अमेरिकेच्या संसदेनं कायदा करून चर्चची कायदेशीर संस्थाच बरखास्त केली आणि तिची मालमत्ता जप्तीला लावली. 1936 साली, महामंदीत, आजच्या कल्याणयोजनेची सुरुवात झाली. सॉल्ट लेक सिटीतल्या ‘वेल्फेअर स्क्वेअर’मध्ये 1940 साली बांधलेलं धान्याचं उंच कोठार आजही उभं आहे.

संस्था बरखास्त होऊ शकते, तिची मालमत्ता जप्त होऊ शकते, हे ज्या समाजानं एकदा पाहिलं आहे, तो धान्य एकाच कोठारावर सोपवत नाही. म्हणून मोठं कोठार आहे आणि त्याच्या जोडीला घरोघरची फडताळंही आहेत. घरसाठा केंद्र या दुसऱ्या भागासाठी आहे.

आता डबा. ‘नंबर टेन कॅन’ म्हणजे साधारण तीन लिटर मापाचा पत्र्याचा डबा, सुमारे 16 सेंटिमीटर व्यासाचा आणि 18 सेंटिमीटर उंच. सहा डब्यांचं एक खोकं. गव्हाचा डबा साडेपाच पौंडांचा, म्हणजे अडीच किलोचा. पिंटो बीन्सचा 5.2 पौंड, म्हणजे 2.36 किलो. साखरेचा 6.1 पौंड, म्हणजे पावणेतीन किलो. तांदूळही अडीच किलोच्या आसपास. बटाट्याच्या पोह्यांचा म्हणजे पोटॅटो फ्लेक्सचा डबा मात्र फक्त 1.8 पौंड, आणि सुक्या सफरचंदाच्या फोडींचा एक पौंड. डबा तोच असला तरी आत अन्न किती आणि हवा किती, हे पदार्थागणिक बदलतं. किंमत नेहमी किलोमागे काढून पाहावी. गहू, तांदूळ, बीन्स यांचा हिशोब जमतो. सफरचंदाच्या डब्यात पैसे पत्र्याला आणि जागेला जातात. मुलांसाठी एखादा डबा ठेवावा, साठा म्हणून धरू नये.

टिकण्याची चर्चनं दिलेली मुदत अशी आहे : गहू, पांढरा तांदूळ आणि साखर तीस वर्षांहून अधिक, पिंटो बीन्स, ओट्स, पास्ता आणि बटाट्याचे पोहे तीस वर्षं, साय काढलेल्या दुधाची पावडर वीस वर्षं. ही मुदत ऐकून भुवया उंचावतात, पण त्यामागे तीन अटी आहेत आणि त्यातली एक मोडली तरी मुदत कोसळते. धान्यातला ओलावा दहा टक्क्यांपर्यंतच हवा, डब्यात प्राणवायू जवळजवळ नसावा, आणि साठ्याची जागा 24 अंश सेल्सिअसच्या आत राहायला हवी. ॲरिझोना किंवा टेक्सासातल्या गॅरेजमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे ठेवलेला डबा फुटणार नाही, पण दुधाची पावडर पिवळी पडेल आणि बीन्स काही वर्षांतच गोट्यांसारखे होतील. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडासारख्या दमट हवेत दुसरी अडचण येते, डब्याच्या कडेला गंज धरतो. खोकी सिमेंटच्या जमिनीवर टेकवू नयेत, खाली लाकडी फळी घालावी आणि भिंतीपासून चार बोटं अंतर सोडावं.

डब्यात लोखंडाच्या भुकटीची एक पुडी असते. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू शोषून घेतं आणि आतले किडे, सोंडे गुदमरून मरतात. तीन लिटरच्या डब्यात गहू भरले तरी दाण्यांमध्ये सव्वा लिटरच्या आसपास हवा उरते. तिच्यात प्राणवायू एकपंचमांश, म्हणजे सुमारे 250 मिलिलिटर. पुडी 300 मिलिलिटर शोषणारी असते, म्हणजे हिशोब बरोबर बसतो. हे तत्त्व आपल्याला नवीन नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, याच जातीची : तोंड बंद केलं की आतला प्राणवायू संपतो आणि माल वर्षानुवर्षं कीड न लागता राहतो. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये हा तिथला नियमही त्याच कारणानं आहे.

साखरेच्या डब्यात ही पुडी घालायची नसते, घातली तर साखरेचा दगड होतो. घरी भरणाऱ्यांची ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे पुड्यांचं पाकीट उघडं टाकून सावकाश भरत बसणं. वीस-तीस मिनिटांत पुड्या खोलीतल्याच हवेवर खर्ची पडतात. एका वेळी लागतील तेवढ्या काढाव्यात आणि उरलेल्या लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत टाकाव्यात.

घरी भरायचंच तर जाड फॉइलच्या पिशव्या वापरतात. पिशवी सील करायला कपड्यांची इस्त्री चालत नाही, सील कुठे कुठे सुटं राहतं. त्यासाठी पट्टीचं सीलर लागतं. सील झाल्यावर दाबून पाहावं, हवा निसटत असेल तर पुन्हा करावं. शिवाय ही पिशवी उंदीर सहज कुरतडतो, म्हणून ती पत्र्याच्या किंवा जाड प्लास्टिकच्या पिंपातच ठेवावी. या एका बाबतीत डबा पिशवीच्या फार पुढे आहे.

काय भरू नये, हे मराठी घरानं नीट लक्षात घ्यावं. ज्यात तेल आहे आणि ज्यात ओलावा आहे, ते या पद्धतीला वर्ज्य. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, बाजरीचं पीठ, भाजणी, गव्हाची कणीक, ब्राऊन राईस, गूळ यांतलं काहीही हवाबंद करून वर्षानुवर्षं ठेवायचं नाही. तेलकट पदार्थ खवट होतात, एवढंच असतं तर चाललं असतं. पण ओलसर पदार्थातून प्राणवायू काढून घेतला की बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला हवी तशी जागा मिळते. ते विष वासावरून ओळखता येत नाही. बाजरी हवी तर दाणे ठेवावेत आणि लागेल तसं दळावं.

मालाच्या दर्जाबद्दल. गहू दोन प्रकारचे मिळतात, लाल कडक आणि पांढरा कडक. पोळीसाठी पांढरा घ्यावा. लाल गव्हाचा कोंडा गडद आणि किंचित तुरट असतो, त्याचा पाव चांगला होतो, पण पोळी काळपट दिसते. दोन्ही गहू चिवट आहेत. लोकवनच्या सवयीनं भिजवलेली कणीक लाटताना मागे सरते. पाणी थोडं जास्त घालून पाऊण तास झाकून ठेवलं की ताबा येतो. दळायला दगडी पाट्यांची घरगुती चक्की घ्यावी, कारण दगडात दळल्यानं पीठ पाणी जास्त धरतं आणि पोळी मऊ राहते. विजेच्या चक्कीवर सगळी भिस्त ठेवू नये. वीज नसेल तेव्हासाठीच हा साठा आहे, म्हणून हातानं फिरवायची सोय हवीच. एका डब्यातून पंचवीस ग्रॅम पिठाच्या धरल्या तर शंभराच्या घरात पोळ्या निघतात.

पिंटो बीन्स म्हणजे राजम्याचा ठिपकेदार भाऊबंद. त्यांची उसळ छान होते. साठवून जुने झालेले दाणे मात्र बारा तास भिजवावेत, ते पाणी टाकावं, शिजवताना वाटीमागे पाव चमचा खायचा सोडा घालावा आणि कुकरमध्येच शिजवावेत. चिंच, आमसूल, टोमॅटो दाणे मऊ झाल्यावरच. आंबट आधी घातलं तर तास न् तास गॅस जाळूनही दाणा शिजत नाही. अगदीच हटवादी निघाले तर दळून पीठ करावं, ते थालीपिठात खपतं.

दुधाची पावडर साय काढलेली असते आणि ते योग्यच आहे, स्निग्धांश असता तर ती एवढी टिकलीच नसती. एका लिटरला शंभर ग्रॅम पावडर पुरते. दही लावायचं असेल तर 130 ग्रॅमपर्यंत घ्यावी, नाहीतर दही पातळ लागतं. पावडर कोमट पाण्यात कालवून, एक उकळी आणून, कोमट झाल्यावर विरजावं.

उणीव सांगायची तर ती यादीतच आहे. तूर नाही, मूग नाही, मसूर नाही, हरभरा नाही. तेल नाही, हळद-मोहरी-हिंग नाही. हा पाव, बीन्स आणि ओट्स खाणाऱ्या घराचा साठा आहे. ज्या घरात रोज वरणभात होतो, त्यानं तूरडाळ आणि मूगडाळ भारतीय वाणसामानाच्या दुकानातून पोत्यानं घेऊन, कडकडीत वाळवून, स्वतः फॉइलच्या पिशव्यांत भरावी. घरात कधीच न शिजलेलं अन्न संकटात पहिल्यांदा समोर आलं, तर मुलं आणि म्हातारी माणसं जेवणच टाळतात. साठ्यातलं अन्न आठवड्यातून एकदा तरी ताटात यायला हवं.

प्रमाणाचा हिशोब नीट तपासून घ्यावा. चर्चचं माप दर प्रौढामागे महिन्याला 25 पौंड, म्हणजे 11.3 किलो धान्य आणि पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो कडधान्य असं आहे. सगळं धान्य गहू धरलं तर वर्षाला माणशी नऊ खोकी गहू आणि दोन खोकी बीन्स. चार प्रौढांच्या घराला 44 खोकी, 264 डबे. एवढी खोकी दुहेरी पलंगाखाली मावत नाहीत, जागा आधी मोजावी. आणि इतकं भरूनही माणशी दिवसाला दीड हजार कॅलरींच्या थोडंच वर मिळतं. लाकडं फोडणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या माणसाला ते पुरत नाही. वरची भर तेल आणि साखरेनं करावी लागते. तेल दीड-दोन वर्षांतच बदलावं लागतं, म्हणून ते रोजच्या वापरातूनच फिरतं ठेवावं. क जीवनसत्त्व तर या कोरड्या साठ्यात नसल्यातच जमा आहे. त्यावर आपल्याकडचा उपाय सर्वात स्वस्त : मोड आणणं. फक्त मोडासाठीची मटकी आणि मूग दरवर्षी ताजे ठेवावेत, जुन्या दाण्याची उगवण कमी होत जाते.

हे सगळं सांगूनही या व्यवस्थेत सर्वात चांगली गोष्ट डबा नाही. ती आहे क्रम. चर्च सांगतं : आधी रोज खाता त्याच अन्नाचा तीन महिन्यांचा साठा, हळूहळू, दर आठवड्याच्या खरेदीत थोडं जास्त घेऊन. मग पिण्याचं पाणी. मग थोडी रोख शिल्लक, आणि कर्जातून सुटका. तीस वर्षं टिकणारा गहू या सगळ्यानंतर. उत्साही लोक नेमकं उलटं करतात, कर्ज काढून वर्षाचे डबे आणतात आणि दोन आठवड्यांचं पाणी घरात नसतं. पाण्याचं अमेरिकेत रूढ माप माणशी रोज एक गॅलन, म्हणजे 3.8 लिटर. चार माणसांना चौदा दिवसांसाठी 210 लिटरच्या वर. बीन्स भिजवायला लागणारं पाणी यातूनच जातं, म्हणून थोडं वाढवूनच धरावं. नोकरी जाणं हे बहुतेक घरांवर येणारं खरं आर्थिक संकट आहे, आणि त्याला तीन महिन्यांचं नेहमीचं अन्न व हातातले पैसे हेच लागू पडतं.

घरावर बहिष्कार पडला, तर मात्र मुद्दा त्याहून वेगळा आहे. खातं गोठलं, दुकानदार माल देईना, शेजारी दार उघडेना, अशा वेळी एकट्या घराचे 264 डबे किती दिवस पुरणार? इथे मॉर्मन समाजाची दुसरी यंत्रणा कामाला येते, आणि ती विकत मिळत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभासद लागोपाठ दोन जेवणं सोडतात आणि वाचलेल्या अन्नाची किंमत, जमल्यास अधिक, गरजूंसाठी देतात. अडलेलं कुटुंब आपल्या बिशपकडे जातं. हा बिशप म्हणजे पगार न घेता काम करणारा स्थानिक सभासद. रिलीफ सोसायटीची अध्यक्षा घरात काय हवं याची यादी करायला मदत करते. ती यादी घेऊन ‘बिशप्स स्टोअरहाउस’ या वेगळ्या भांडारात गेलं की पैसे न देता माल मिळतो. घेणाऱ्याला जमेल तसं काम करायला सांगतात. घरसाठा केंद्रात विक्री होते, भांडारात होत नाही. दोन्हींची गल्लत करू नये.

या यंत्रणेची कमजोरीही स्पष्ट आहे. यादीवर सही एका माणसाची, बिशपची, लागते. बाहेरच्यांनी टाकलेल्याला ती सांभाळते, पण जो समाजाच्या आतच नकोसा झाला आहे त्याला तेच दार ठोठावावं लागतं. महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी आपल्याला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. कोणत्याही मंडळानं, देवस्थानानं किंवा जमातीनं असं भांडार उभं करायचं ठरवलं, तर निर्णय एका हाती न ठेवता तिघांच्या समितीकडे द्यावा, त्यात किमान एक स्त्री असावी, आणि नकार मिळालेल्या माणसाला दाद मागायला दुसरं दार असावं. भांडारातला माल कोणाला मिळाला याची वही असावी, पण ती चारचौघांत वाचली जाऊ नये. मदत घेतल्याची वाच्यता होईल या भीतीनं उपाशी राहणारी घरं असतात.

पहिल्या फेरीत चौघांच्या मराठी घरानं काय आणावं? पांढऱ्या कडक गव्हाची दोन खोकी, तांदळाचं एक, पिंटो बीन्सचं एक, साखरेचे दोन डबे, ओट्सचे दोन, दुधाच्या पावडरीची चार पाकिटं. त्यातला प्रत्येकी एक डबा त्याच आठवड्यात फोडून खाऊन पाहावा. उघडलेल्या डब्यावर बसणारं प्लास्टिकचं झाकण फक्त धूळ आणि मुंग्या अडवतं. आत हवा शिरलेली असते, मुदत संपलेली असते, म्हणून तो माल रोजच्या धान्यासारखाच काही महिन्यांत संपवावा. उरलेल्या खोक्यांवर भरल्याची तारीख ठळक मार्करनं दर्शनी बाजूला लिहावी आणि नवं खोकं नेहमी मागे सरकवावं. फुगलेला, कडेला गळणारा किंवा शिवणीवर खोल चेपलेला डबा असेल तर चव न घेता टाकून द्यावा. मध्यभागी आत ओढलेला पत्रा मात्र दोष नाही. आतला प्राणवायू शोषला गेल्याची ती खूण आहे.